गोड्या पाण्याची कॉफी

रात्री दीड-दोनच्या सुमारास नळ आधी नुसता फुसफुसतो. मग दोन-चार थेंब, पुन्हा हवा, आणि एकदम धार लागते. आमच्या भागात ही पाळी चार-पाच दिवसांनी येते, तीही बहुतेक वेळा रात्रीच. धार लागली की गल्लीतले दिवे एकामागून एक लागतात, मोटारी घुमू लागतात, पिंपांची झाकणं निघतात. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे आवाज झोपेतही ओळखू येतात. मी उठतो, पहिलं पाणी दोन मिनिटं बादलीत जाऊ देतो, कारण त्यात नळातला गंज उतरलेला असतो, आणि मग पिंपाच्याही आधी पितळेची एक कळशी भरून घेतो. तिच्या तोंडावर धुतलेलं फडकं बांधून ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो. आई अंथरुणातूनच विचारते, "कॉफीची कळशी भरलास का?"

भरली म्हटल्यावर ती कूस बदलते आणि झोपते.

गेली काही वर्षं ओळखीची माणसं मला विचारतात, तुमच्याकडची कॉफी अशी कशी लागते, पावडर कोणती वापरता? पावडरीचं नाव सांगितलं की त्यांना उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. मला मात्र पाण्यापासून सुरुवात करायची असते, आणि दारात चपला घालत असलेल्या माणसाला पाण्याची गोष्ट ऐकायला वेळ नसतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढायचं ठरवलं.

सोलापूर हे चहाचं गाव. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या आणि मागावर बसणाऱ्या माणसांना चहाच परवडायचा आणि चहाच भागवायचा. पूर्व भागातली तेलुगू घरं, पेठांमधली कानडी घरं, आमच्यासारखी मराठी घरं. बोली तीन, पण सकाळी शेगडीवर चढायचा तो चहा. कॉफी ही पाहुणी. आमच्याकडे ती एकादशीला आजीसाठी व्हायची, नाहीतर वडिलांचे साहेब घरी आले की. ताप उतरल्यावर तोंडाला चव नसायची, तेव्हा आम्हा मुलांनाही अर्धा कप मिळायचा.

आजी तिला कॉफी म्हणत नसे, पॉलसन म्हणायची. डब्यात दुसरी कुठलीही पावडर असली तरी पॉलसनच. लोण्यामुळे हे नाव इतकं गाजलं की मस्का लावणे या अर्थानं 'पॉलसन लावणे' असा वाक्प्रचारच मराठीत रुजला. पण मुळात ते नाव कॉफीचं. पेस्तनजी एदलजी नावाच्या पारशी मुलानं १८८८ मध्ये मुंबईत कॉफी भाजून दळून विकायचं छोटं दुकान काढलं, लोणी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. त्यांची 'फ्रेंच कॉफी' म्हणजे कॉफीत चिकोरी नावाच्या मुळाची पूड मिसळलेली पावडर, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांना कॉफीची पहिली ओळख तिनंच करून दिली. आजीची जीभ त्या चवीवर घडलेली होती.

ती कॉफी करायची पद्धतही ठरलेली. पातेल्यात दूध, त्यात साखर, त्यात चमचाभर पावडर, आणि तीन उकळ्या. मग सहाणेवर जायफळाचे दोन वळसे उगाळून ते गंध दुधात सोडायचं, एखादा वेलदोडा ठेचून टाकायचा. वर जाड साय. रंग गव्हाळ. प्यायल्यावर झोप यायची, कारण जायफळ. जागं ठेवणारी कॉफी आणि निजवणारं जायफळ एकाच कपात घालणारे आपणच असू. मला ती कॉफी मनापासून आवडायची, आजही आवडते. पण ती खरं तर दुधाची चव होती. कॉफीची चव काय असते हे मला कळलं ते आठव्या-नवव्या वर्षी, शेजारच्या मामींमुळे.

वडील रेल्वेत होते. माझं लहानपण रेल्वे लाइन्समधल्या क्वार्टरमध्ये गेलं. आज फारसं कुणाला आठवत नाही, पण १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे नवी निघाली तेव्हा सोलापूर विभाग मध्य रेल्वेतून काढून तिला जोडला होता. १९७७ मध्ये तो परत मध्य रेल्वेत आला. मधल्या अकरा वर्षांत सोलापूर, सिकंदराबाद, हुबळी, विजयवाडा ही एका झोनची गावं होती आणि बदल्या तिकडून इकडे होत राहायच्या. अशाच एका बदलीनं हुबळीहून एक तमिळ कुटुंब आमच्या शेजारी राहायला आलं. आम्ही त्यांना मामा-मामी म्हणायचो. पहाटे साडेपाचला त्यांच्या खिडकीतून जो वास यायचा, तो आमच्या घरच्या कुठल्याच पदार्थाचा नव्हता. भाजणीच्या जवळचा, पण त्याहून गडद.

होळीला आईनं त्यांच्याकडे पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही रीत त्यांच्याकडेही होती. डब्यातून ओंजळभर कॉफीची पावडर आली. आईनं ती आपल्या पद्धतीनं दुधात टाकून तीन उकळ्या काढल्या आणि जायफळ उगाळलं. ती कॉफी कुणालाच पिववली नाही. तळाला चोथा, घशाला कडवटपणा. आईनं दुसऱ्या दिवशी मामींना तसं सांगितलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत की वाईट वाटून घेतलं नाही. घरात गेल्या आणि पितळेचा फिल्टर घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो पाण्याचा. पाणी नळाचं की आडाचं? क्वार्टर्सच्या मागे एक आड होता आणि आई धुण्या-भांड्यांना ते पाणी वापरायची, कधी स्वयंपाकालाही. उजनी धरण तेव्हा पुरं व्हायचं होतं. मामींनी दोन्ही पाणी तळहातावर घेऊन चाखलं आणि नळाचं निवडलं. आडाचं पाणी मचूळ आहे, त्यात कॉफी मरते, असं त्या म्हणाल्याचं आई सांगते. त्यांच्याकडे कॉफीपुरती एक कळशी वेगळी असायची. तिला दुसरं कुणी हात लावत नसे.

मामांची पुढची बदली झाली तेव्हा फिल्टर मामींनी आईला दिला. पण इथे ती पावडर मिळेना. कुणी बेंगळुरूकडे गेलं की पाव किलो यायची आणि मुंग्यांपासून जपत जपत पुरवली जायची. हळूहळू फिल्टर माळ्यावर गेला. मी कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, आणि मधली पंचवीस-तीस वर्षं बाटलीतल्या झटपट कॉफीची गेली. साखरेत दोन थेंब पाणी घालून फेटलेली कॉफी, लग्नाच्या मांडवात वाफ सोडणाऱ्या यंत्रातून निघणारी, वर चॉकलेटची भुकटी भुरभुरवलेली 'एस्प्रेसो'. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. झटपट कॉफी करताना कारखान्यात दाण्यातून निघेल तेवढं सगळं तापवून, दाबून काढून घेतात आणि मग ते वाळवतात. निघायला नको तेही त्यात निघतं आणि वास मात्र वाटेतच उडून जातो. पाहुण्याला दोन मिनिटांत गरम काहीतरी द्यायला ती ठीक आहे.

माळ्यावरचा फिल्टर परत खाली काढला तो लेकीनं. ती बेंगळुरूला नोकरीला आहे, सुट्टीला उद्यान एक्स्प्रेसनं येते. एका दिवाळीला तिनं ताज्या दळलेल्या पावडरीची पुडी आणली. फिल्टर चिंचेनं घासून लखलखीत केला आणि तिघांसाठी कॉफी केली. आईनं पहिला घोट घेतला आणि मामींचं नाव घेतलं. चाळीस वर्षांनी.

लेक परत गेली. मी तीच पावडर, तोच फिल्टर, तेच माप घेऊन रोज कॉफी करायला लागलो. पहिले दोन दिवस उत्तम. चौथ्या दिवशी कॉफी चपटी लागली, जिभेवर राख ठेवल्यासारखी. पावडर जुनी झाली असं वाटलं. पण सहाव्या दिवशी त्याच पुडीतली कॉफी पुन्हा छान झाली. पुढच्या आठवड्यात तेच. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, आकडे जुळेपर्यंत चैन पडत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशीची कॉफी कशी झाली याची खूण करू लागलो. आणि त्याच कॅलेंडरवर, सोलापुरातल्या बहुतेक घरांत असतं तसं, आमच्या सौ.नं प्रत्येक पाळीच्या तारखेला 'पाणी' असं लिहून ठेवलेलं होतं. महिना संपला तेव्हा दोन्ही खुणा शेजारी-शेजारी दिसत होत्या. 'पाणी' लिहिलेल्या तारखेनंतरचे दोन-तीन दिवस चांगली कॉफी, त्यानंतर वाईट, पुन्हा 'पाणी', पुन्हा चांगली.

चौथ्या दिवसापर्यंत नळाचं साठवलेलं पाणी सरत आलेलं असतं आणि टाकीत बोअरचं पाणी मिसळायला लागतं. नळाचं पाणी म्हणजे भीमेचं, शंभर किलोमीटरहून लांब उजनीवरून नळवाटे आलेलं. बोअरचं पाणी म्हणजे खाली काळ्या दगडात मुरलेलं, क्षारांनी जड झालेलं. ते उकळलं की भांड्याच्या आत पांढरा थर धरतो. त्या क्षारांमधले बायकार्बोनेट कॉफीतल्या आंबटपणाला मारतात. कॉफीला जो टवटवीतपणा असतो तो तिच्यातल्या आम्लांमुळे. ते गेलं की नुसता कडूपणा उरतो. मामींनी तळहातावर चाखून सांगितलेली गोष्ट मला कॅलेंडरवर कळली.

त्यानंतर पाण्यावर मी बरेच दिवस घालवले. आरओचं पाणी वापरून बघितलं. त्यातले क्षार जवळजवळ सगळेच काढून टाकलेले असतात, आणि अगदी कोऱ्या पाण्यात कॉफी पातळ, काहीशी कोरडी आंबट लागते. थोडे क्षार हवेतच, तेच दाण्यातली चव ओढून काढतात. लेकीनं पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं मीटर आणून दिलं. कॉफीच्या जगात लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपासचं पाणी चांगलं मानतात. आमच्या बोअरचा आकडा हजाराच्या पुढे गेला. नळाच्या पाण्याचा त्याच्या कितीतरी खाली आला, १५० नव्हे, पण कॉफीला मानवेल असा. अगदीच अडचण आली तर मी जड पाणी खळखळ उकळतो, रात्रभर स्थिर ठेवतो आणि वरचं वरचं हलक्या हातानं ओतून घेतो. बायकार्बोनेटचा बराच भाग तळाशी पांढरा बसलेला असतो. पण ही तडजोड आहे. खरं उत्तर म्हणजे नळाच्या पाण्याची वेगळी कळशी. पितळेची कळशी घरात होतीच, लग्नात आलेली. तेव्हापासून ती कॉफीची झाली.

सोलापूरहून कर्नाटकातल्या हासनला थेट गाडी जाते. संध्याकाळी बसलं की रात्रीतून कलबुर्गी, रायचूर मागं पडतं. निवृत्तीनंतर मी आणि सौ. त्या गाडीनं गेलो, तिथून पुढे सकलेशपूरला. मार्च संपत आला होता आणि नऊ-दहा दिवसांपूर्वी पाऊस पडून गेला होता. कॉफीची झाडं अशा पहिल्या पावसाची वाट बघत कळ्या धरून बसलेली असतात, आणि पावसानंतर आठ-दहा दिवसांत सगळी एकदम फुलतात. उंच सिल्व्हर ओकच्या सावलीत, मिरीचे वेल चढलेल्या खोडांमधून, फांद्याच्या फांद्या पांढऱ्या. वास थेट मोगऱ्याचा. सौ. कॉफी पीत नाही, पण त्या मळ्यातून निघायला तीच तयार नव्हती. तिथून चिकमंगळूरचे डोंगर जवळच आहेत. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या फकिरानं मक्केहून परतताना येमेनमधून सात दाणे लपवून आणले आणि तिथल्या डोंगरात लावले, अशी आख्यायिका आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. मळेवाल्यांकडून मी दोन किलो कच्चे दाणे घेतले. हिरवट करडे, हाताला गुळगुळीत, वास ओल्या गोणपाटाचा. भाजायचं घरी करून बघू म्हटलं.

घरी पहिल्यांदा भाजायला बसलो तेव्हा आच मोठी ठेवली. दाणे बाहेरून काळे झाले आणि आतून कच्चे राहिले. दुसऱ्यांदाही तेच. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "असं भाजतेत होय? सरक तिकडं."

आईनं आयुष्यभर शेंगदाणे भाजलेत. सोलापुरी चटणीचं सगळं मर्म त्या भाजण्यात असतं. दाणा आतपर्यंत सारखा भाजला गेला पाहिजे, कुठे डाग पडता कामा नये, आणि मग उखळात कुटताना त्याला तेल सुटलं पाहिजे. लोखंडी कढई, मंद आच आणि न थांबणारा हात. ब्याऐंशीव्या वर्षी ती शेगडीसमोर स्टुलावर बसली आणि कॉफीचे दाणे तिनं तसेच हलवायला घेतले. कढईत बघत नव्हती. मान थोडी कलती, नाक पुढे. पाच-सहा मिनिटांनी दाणे पिवळट झाले आणि भाजणीसारखा वास आला. "अजून पाणी हाय ह्यात," ती म्हणाली. मग तांबूस, मग तपकिरी. दहाव्या-अकराव्या मिनिटाला लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज सुरू झाला. मी लेकीच्या सांगण्यावरून वाचून ठेवलं होतं की हा पहिला तडका दोनशे अंशांच्या आसपास होतो आणि त्यानंतर मिनिट-दीड मिनिटात उतरवायचं असतं. मी तोंड उघडायच्या आत आईनं गॅस बंद केला होता. तिनं काहीच वाचलेलं नव्हतं. वास गोड होता, आणि तो गोड असतानाच उतरवायचं असतं, एवढंच ती म्हणाली.

पुढचं तर मला सुचलंच नसतं. तिनं सूप मागितलं. गरम दाणे सुपात घेऊन गच्चीत गेली आणि पाखडायला लागली. दाण्यांवरचं पातळ टरफल भाजताना सुटतं, ते वाऱ्यावर उडालं, आणि दाणे दोन मिनिटांत थंड झाले. भाजलेले दाणे झटपट थंड केले नाहीत तर आतल्या उष्णतेनं भाजतच राहतात. बाहेर त्यासाठी पंखे लावलेली यंत्रं असतात. आमच्याकडे सूप होतं. पाव किलो कच्चे दाणे भाजून दोनशे दहा ग्रॅम भरले, बाकीचं पाणी आणि टरफल.

एका बाबतीत मात्र शेंगदाण्याचा हिशेब चालला नाही. चटणी दाणे निवले की लगेच कुटायची. कॉफी तशी दळायची नसते. भाजल्यावर दाण्यांतून दोन-तीन दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो आणि तेवढ्यात दळली तर पाणी नीट आत शिरत नाही. आईला हे पटायला वेळ लागला. तिनं एकदा माझ्यामागे मूठभर दाणे खलबत्त्यात कुटून कॉफी केली. कडूही लागली आणि आंबटही. कुटल्यावर काही भुगा पिठासारखा होतो आणि काही कण जाड राहतात. पिठातून कडूपणा जास्त निघतो आणि जाड कणांतून पुरेशी चव निघत नाही. दळण सारखं हवं, बारीक रव्याएवढं. मी हातानं फिरवायची चक्की आणली. कोपऱ्यावरच्या गिरणीत द्यायला आईचा सक्त विरोध, कारण तिथे आधी कुणाची मिरची दळली असेल याचा भरवसा नाही. तिचं बरोबर आहे. कॉफी इतका शेजारचा वास ओढून घेणारी वस्तू दुसरी नाही. ती फ्रिजमध्ये लसणाच्या चटणीजवळही ठेवू नये.

चिकोरीबद्दल माझं मत बदललं आहे, ते सांगतो. आधी मला ती भेसळ वाटायची. चिकोरी म्हणजे एका रोपाचं मूळ भाजून केलेली पावडर, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते, आणि तिच्यात कॅफिन अजिबात नसतं. पण दूध घालून प्यायच्या कॉफीत तिचं काम आहे. ती पाणी धरून ठेवते, थेंब सावकाश पडतात, डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून खाली उतरलेला कॉफीचा अर्क, दाट होतं आणि दुधात टिकतं. आईसाठी मी शंभराला वीस चिकोरी घालतो. त्याहून जास्त नको. पुडीवर किती टक्के चिकोरी आहे ते छापलेलं असतं, घेताना वाचावं. चाळीसच्या पुढे गेलं की आपण मुळाचा काढा पितो. बिनदुधाच्या कॉफीत मात्र चिकोरी नकोच.

आता फिल्टर. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पावडर, साधारण पंचवीस ग्रॅम. चकतीनं हलकेच दाबायची. घट्ट दाबली की थेंब पडणं बंद होतं आणि सकाळी वर तळं साचलेलं दिसतं. कळशीतलं पाणी उकळायचं, आणि उकळी बसेपर्यंत थांबायचं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभरला न उकळता साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. मिनिटभर थांबलं की ते कॉफीला हवं तेवढं उतरतं. आधी चार चमचे पाणी गोलाकार ओतून अर्धं मिनिट गप्प बसायचं. पावडर ताजी असेल तर ती फुगते, वर बुडबुडे येतात. ते बघणं हा माझा रोजचा आनंद आहे. मग उरलेलं, एकूण सव्वाशे मिलिलिटरच्या आत. झाकण ठेवायचं आणि हात लावायचा नाही. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं.

डिकॉक्शन कधीही उकळायचं नाही. गरम करायचं ते दूध, आणि तेही पहिल्यांदा तापवलेलं. तीनदा तापलेल्या दुधाला शिजल्याचा वास येतो आणि तो कॉफीच्या वर चढतो. आमच्याकडे दूध म्हशीचं, पाठीपर्यंत गेलेल्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी ज्या जिल्ह्यातल्या, तिथे दुसरं कुठलं असणार. त्यात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, गाईच्या दुधात चार. मद्रासी मापानं केलेलं डिकॉक्शन म्हशीच्या दुधात बुडून जातं. मामी सोलापुरात आल्यावर एक चमचा पावडर वाढवायच्या, हे आईला आठवतं. आम्हीही वाढवतो, किंवा साय बाजूला काढतो. ती साय विरजणात जाते.

जायफळाचं काय, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, आपल्या घरांत जायफळ आलं ते शिळ्या पावडरीचा वास झाकायला. महिनोन्महिने डब्यात पडलेल्या कॉफीला स्वतःचा वास उरलेला नसायचा. ताज्या कॉफीला त्याची गरज नाही. पण आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला जायफळाशिवाय कॉफी ही कॉफी वाटत नाही. मी तिच्या कपात सहाणेवरचा एकच वळसा घालतो, पूर्वी दोन असायचे. चांगल्या डिकॉक्शनमध्ये तो एक वळसा मागे उभा राहतो, पुढे येत नाही, आणि मला कबूल करायला हवं की ती चव सुंदर आहे. लेक आली की हलक्या भाजलेल्या दाण्यांची, कागदाच्या गाळणीतून काढलेली कोरी कॉफी पिते, मध नाही, साखर नाही. सुट्टीत मी एकाच सकाळी तीन प्रकारच्या कॉफी करतो. माझी स्वतःची आवड साधी आहे: चिकोरी नाही, दूध डिकॉक्शनच्या दुप्पट, साखर अर्धा चमचा, आणि कप आधी गरम पाण्यानं धुतलेला. हिवाळ्यात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे थंडी असते तेव्हा तो धुतलेला कप फार उपयोगी पडतो.

उन्हाळ्यात मात्र कॉफी सोडणाऱ्यांतला मी नाही. पारा त्रेचाळीसवर गेला की रात्री गच्चीतलं पिंप दुपारची धग धरून असतं, म्हणून कळशी घरात, ओल्या फडक्यात. कॉफी पहाटे पाचलाच. त्यानंतर दिवसभर ताक.

परवा पाणी आलं ते पावणेदोनला. कळशी भरली, फिल्टर लावला, पहिला थेंब तळाच्या भांड्यावर वाजला आणि मी पिंपांकडे वळलो. साडेतीनला सगळं भरून झालं. पहाटे आईला तिचा कप दिला, माझा घेतला, आणि कळशी झाकायला गेलो तर पाणी मापापेक्षा बरंच खाली होतं. दोन कपांना एवढं लागत नाही. मागे चहाचं आधण उकळत होतं. सौ. आलं ठेचत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कळशीतलं एक तांब्या घेतलंय. गेले पंधरा दिवस घेते. ह्या पाण्याचा चहा वेगळाच लागायलाय."

शनिवारी बाजारातून दुसरी कळशी आणली आहे.